क्लेलच्या ट्रकमधला रेडिओ

३ जून, मंगळवार

क्लेल नाही म्हणाला. नुसतं नाही नव्हे — काटा खाली ठेवून, तोंडातला बटाटा गिळून, नीट नाही म्हणाला!

"माझ्या ट्रकला भोक? नोला, हवं तर माझ्या डोक्याला पाड. ट्रकला नाही."

मी म्हटलं, डोक्याला आधीच आहे, त्यातूनच तर सगळी अक्कल गळाली. मग गडी मान खाली घालून जेवत बसला. धाकटा भाऊ, पण हट्ट थोरल्याचा! माझा नवरा एडसेल गेल्यावर मी या घरी परत आले, तेव्हापासून आम्ही दोघंच इथे. त्याने लग्न केलं नाही, ट्रक घेतला. रोज पुसतो. माझ्या वाढदिवसाची तारीख मात्र विसरतो.

पण मी तरी काय करू? गेल्या वर्षी घोड्यांच्या शर्यतीत एक बाई डोंगरात वाट चुकली, रात्रभर गारठून बसली. कुणाला कळवायला सोय नाही. आमच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज म्हणजे चर्चच्या पायरीवर उभं राहिलं तर मिळते, तीही वारा पडलेला असेल तर. यंदा समितीने बजावलंय — कड्यावर रेडिओची गाडी उभी नसेल तर शर्यत नाही. मी हौसेने परीक्षा दिली, रेडिओवर बोलायचं लायसन्स काढलं, रेडिओ आणला. गाडी? माझी बिचारी कार कड्याच्या वाटेवर निम्म्यातच बसकण मारते. राहिला क्लेलचा पिकअप, आणि त्यात रेडिओ बसवायचा तर तारेसाठी भोक पाडावं लागणार.

४ जून

अजून नाहीच.

५ जून

तडजोड! भोक न पाडता जे जमेल ते कर, म्हणाला. सिगारेट पेटवायच्या सॉकेटात प्लग खुपसून वीज घेतली. रेडिओ लागला, दिवे चमकले. मी माइक हातात घेऊन ऐटीत बटण दाबलं — आणि ठप्प! बटण सोडलं की जिवंत, दाबलं की मेला. ऐकायला तयार, बोलायला नाही. अगदी क्लेल!

हे त्याला सांगितलं. हसला नाही.

७ जून, शनिवार

आज आयव्हा टोलमनला बोलावलं. आमच्या रेडिओ क्लबची अध्यक्ष. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, गेल्या वसंतात खोऱ्याच्या पलीकडच्या टोकाला राहायला आली. रेडिओवर तिचं बोलणं म्हणजे कवायत. नियम म्हणजे नियम. मी मनात तिला वांड मुलांच्या वर्गाची बाई म्हणते.

आली, सॉकेटातला प्लग पाहिला, आणि काहीतरी मेलेलं सापडल्यासारखा दोन बोटांनी उपटून काढला.

"ही तार शेवयांची आहे, नोला. ऐकताना रेडिओला घोटभर वीज पुरते. बोलताना लोंढा लागतो. थेट बॅटरीपासून जाड तार आणायची, बॅटरीला खेटून फ्यूज. म्हणजे तार कुठे घासली, सोलली, तरी आधी फ्यूज जाईल. ट्रक पेटणार नाही."

पेटणार म्हटल्यावर क्लेलचा चेहरा बघायला हवा होता!

"पण बॅटरी पुढे, रेडिओ आत. मधे पत्र्याची भिंत," तो म्हणाला. हाताची घडी. "त्या भिंतीला कुणी ड्रिल लावायचं नाही."

आयव्हाने टॉर्च काढला. खाली पोतं टाकलं, पाठीवर आडवी झाली आणि डॅशबोर्डखाली गायब. नुसते बूट दाराबाहेर. टॉर्चचा उजेड इकडे तिकडे. मग आतून आवाज आला —

"मिस्टर प्रुइट, तुमच्या ट्रकला भोक आहेच."

"काय?"

"कारखान्यातच पाडलंय. क्लचवाल्या मॉडेलसाठी. तुमचा ऑटोमॅटिक, म्हणून रबरी बूच बसवलंय. या, बघा."

इतकी वर्षं रोज पुसतोय आणि स्वतःच्या ट्रकचं भोक माहीत नाही! तो तिच्या शेजारी आडवा झाला. चार बूट दाराबाहेर. मी इतकी हसले की कुंपणापलीकडची गाय वळून बघायला लागली.

८ जून

चर्चनंतर काम. बुचाला मधोमध छेद दिला, कपड्यांचा हँगर सरळ करून आत घातला, त्याच्या टोकाला तार बांधून ओढून घेतली. मी इंजिनकडे, क्लेल आत.

"ओढ!" "ओढतोय!" "अरे हळू!" "मग ओढ कशाला म्हणालीस!"

तार गरम नळीपासून लांब, स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांब, जागोजागी पट्ट्यांनी बांधली. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवला. आयव्हाची ताकीद होती, तोवर तारेत वीज नको.

बटण दाबलं. चालला!! आयव्हाचं उत्तर आलं, कोरडं आणि खणखणीत: "स्पष्ट ऐकू येतंय." मी तिथेच ट्रकभोवती एक गिरकी घेतली.

११ जून

शिट्टी! इंजिन चालू केलं की माझ्या आवाजामागे बारीक शिट्टी वाजते. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीही चढते. आयव्हा म्हणाली, "मच्छर घेऊन फिरतेस का?"

१३ जून

क्लेल संध्याकाळी आयव्हाकडे गेला. शिट्टीबद्दल विचारायला म्हणे. दाढी करून! मी म्हटलं, शिट्टीला दाढीचं काय? "रस्त्यात कुणी भेटलं तर?" म्हणाला. त्या रस्त्यावर हरणं भेटतात.

१४ जून

सकाळी बाहेर आले तर क्लेल सॅंडपेपर घेऊन बॉनेटखाली वाकलेला. रंग खरवडतोय. स्वतःच्या हाताने. क्लेल!

"काळी तार बोल्टला बसवली होती ना, तिच्याखाली रंग होता. धातूला धातू लागला पाहिजे," म्हणाला. "टोलमनबाई म्हणाल्या."

शिट्टी गेली.

२० जून

क्लेल पुन्हा आयव्हाकडे. ॲंटेनाबद्दल म्हणे. ॲंटेना तर लोहचुंबकावर टपावर बसलाय, त्यात विचारण्यासारखं काय? बहुतेक माझ्याविरुद्ध तक्रारी करत असेल. येताना रानबेरी भरून भाजलेला गोड हकलबेरी-पाय घेऊन आला, वर स्वतःच अर्धा खाल्ला.

२८ जून, शनिवार

उशीर झालाय, पण लिहितेच.

शर्यतीचा दिवस. पहाटेच कड्यावर गाडी लावली. क्लेल चालक, मी माइकवर. दुपारपर्यंत मजा. घोडे ओढ्यापाशी पोचले, घोडे निघाले, एक घोडा घरी जातो म्हणून रुसला. आयव्हा खाली मैदानात मुख्य केंद्रावर.

मग पश्चिमेकडून आभाळ जांभळं झालं. गारा! टप असा वाजत होता की कुणी वरून खडीचा ट्रक रिकामा करतंय. शिखरावरच्या रिपीटरवर वीज पडली. तोच सगळ्यांचे आवाज पुढे पोचवतो. तो बंद, म्हणजे ओढ्याकाठचं शर्यतीचं ठाणं आणि मैदान एकमेकांना बहिरे. तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला. घोडा गारांवर घसरला होता, स्वार बाई खाली, मांडीचं हाड मोडलंय, रक्त थांबत नाही. मैदानाला ते ऐकूच जाईना. दोन्हीकडचं ऐकू येत होतं फक्त आम्हाला, कड्यावर.

मी निरोप पोचवला. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. आयव्हा कवायतीतच — हेलिकॉप्टर मागवलंय, रक्त थांबवायला पट्टा जखमेच्या वर आवळायला सांगा, ढग फुटेपर्यंत धीर धरा.

समोरच्या पाइनच्या झाडावर वीज कोसळली. डोळ्यांपुढे पांढरं झालं; खाली मैदानातूनही दिसलं असणार.

आणि रेडिओवर — "क्लेल! क्लेल, तू ठीक आहेस ना? खाली ये, आत्ताच्या आत्ता खाली ये!"

ना रेडिओवरची ओळख सांगणारं कॉल साइन, ना मिस्टर प्रुइट, ना तुम्ही. तिने, सगळ्या नियमांची आई, नियम मोडला!

आम्ही उतरलो तर ओढ्याचा आवाज तुटणार. क्लेलने माझ्याकडे बघितलं. गिअर टाकला आणि म्हणाला, "माथ्याच्या जरा खाली एक खोबण आहे. दोन्ही बाजू दिसतात. पोरवयात तिथे हरणांवर टपायचो." गारांवरून ट्रक तिरका सरकत होता, त्याचा लाडका ट्रक, दगडाला घासला, कर्रर्र! त्याने वेग कमी केला नाही. थांबलो. मी बटण दाबलं. ओढा आला. क्षीण, पण आला. मैदानही आलं.

मग त्याने माझ्या हातातून माइक घेतला. "मी बरा आहे," एवढंच बोलला.

ढग फाटले, हेलिकॉप्टर उतरलं. ती बाई वाचली. दोघांनी घरी येऊन कालचं राजमा-मांसाचं चिली गरम न करताच खाल्लं.

२९ जून

क्लेल ओरखडा बघायलासुद्धा बाहेर गेला नाही. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

६ जुलै, रविवार

नाश्त्याला क्लेल म्हणाला, "सप्टेंबरात आयव्हाशी लग्न करतोय. तिच्या घरी राहायला जाईन. चालेल ना तुला?"

उलटताना पॅनकेक तव्याबाहेर पडला. म्हटलं, चालेल काय, पळेल! त्याला घट्ट मिठी मारली. मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि तिथे थोडी रडले.

दोघांचा स्वयंपाक हाताला बसलाय. आता एकटीचा शिकायला हवा. आणि रविवारी तिघांचा!