बहिऱ्याची साक्ष

३ मार्च
कानाच्या यंत्रांची फाइल माझ्या गळ्यात पडली. तक्रार अशी, की शहरातली सगळी दुकानं एकाच भावाने विकतात, कोणी दमडी सोडत नाही. भाव सारखा असणं गुन्हा नाही. आपसात बसून तो ठरवणं गुन्हा. ते सिद्ध करायचं आमच्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे मी. दुकानदार काय मला चहाला बोलावून सांगणारेत?

माझ्या वरिष्ठ बाई (हसल्याची नोंद नाही) म्हणाल्या, गिऱ्हाईक म्हणून एखादं म्हातारं माणूस पाठव. तुझे वडील बहिरे आहेत ना?

आहेत. निवृत्त झाल्यापासून ठार. यंत्र घ्या म्हटलं की तेही ऐकू येत नाही!

५ मार्च
बाबांना पाटीवर लिहून बेत समजावला. खूश! नवा शर्ट काढून ठेवलाय.

६ मार्च
बाबा दुकानात, मी समोरच्या बसथांब्यावर. तीन दुकानं झाली, भाव तोच. चौथ्याकडे जाताना बसमध्ये बाबा हळूच म्हणाले, "तो मालक माझ्यासमोरच फोनवर बोलला. म्हातारा तुझ्याकडे येतोय, आपलं ठरलंय त्याच्याखाली उतरू नकोस."

मी आनंदाने उडालेच. एक थांबा मागे पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून! आईची सकाळची कामं, दुपारची कुरकुर, सगळ्यातून सुटका म्हणून हे सोंग. आईला सांगू नकोस म्हणाले, घर कसं शांत आहे. शांत! आम्ही दोघी घसे फोडतोय.

७ मार्च
बाईंना सांगितलं. हसल्या! मग लगेच कामावर: फोन झाला हे टेलिफोन कंपनीकडून कळेल, काय बोलणं झालं ते फक्त तुझ्या वडिलांना माहीत. साक्ष हवी.

८ मार्च
बाबा नाही म्हणतात.

११ मार्च
अजून नाही. माझ्यापुढे पुन्हा बहिरे झालेत.

१४ मार्च
आज आपणहून आले. म्हणाले, त्या दुकानात एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. दोन्ही कानांचं परवडेना, एकाचंच घेऊन गेली. कुठल्या कानाचं घ्यायचं यावर दोघं बराच वेळ बोलत बसले होते.

साक्ष देणार.

२ एप्रिल
सुनावणी. आई हट्टाने आली, त्यांना प्रश्न कोण समजावणार म्हणून. बाबांच्या मागेच बसली. दुकानदारांचा वकील आधी मदतनिसाशी काहीतरी पुटपुटला, मग मोठ्याने विचारलं, बहिऱ्या माणसाने फोनवरचं बोलणं ऐकलं कसं?

बाबांनी एकदा मागे वळून आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत्ता तुम्ही म्हणालात, या थेरड्याला पाच मिनिटांत गुंडाळतो. करा सुरू."

सगळे हसले. वकील सोडून. आणि आई सोडून.

३ एप्रिल
आई आज चहा ओतताना बाबांना म्हणाली, "म्हणजे तुम्ही पेपर वाचत असताना मी मागे उभी राहून जे म्हणायचे, ते..."

"रोज ऐकायचो."

ती कप तसाच ठेवून आत गेली. मी बाबांना विचारलं, काय म्हणायची?

"माझ्याआधी जाऊ नकोस रे."

आयुष्यभर तोंडावर अहो-जाहो. आणि पाठीमागे 'रे'!

बाबांनी पेपर उघडला. म्हणाले, "म्हणून तर यंत्र घेत नव्हतो."