गहाण ठेवलेली सुरमई

रविवार, ४ जानेवारी

वरण-भात खाऊन आले! मासळीच्या हॉटेलात!

कुंभिवलीला हायवेवर नवीन हॉटेल निघालंय, आरोहीच्या कंपनीपासून जवळच. लेकीने आज स्कुटीवर मागे बसवून नेलं. कर्जतपासून तिथपर्यंत कंबर धरून गेले, आणि खाल्लं काय? वरण, भात, पापड.

मालक नवनाथशेठ. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ऑर्डर द्यायच्या आधी कच्ची मासळी ताटात घालून टेबलाशी आणून दाखवतो. पापलेट, बांगडे आणि ही एवढी सुरमई! "मावशी, हात लावून बघा, आज सकाळची हाय." लावला. घट्ट. कल्ले लालभडक. म्हटलं, "मला आपलं वरण-भात दे." तो बघतच राहिला. "मासळीच्या हाटेलात वरण? तब्येत बरी हाय ना?"

आरोही म्हणाली, "आईला पित्त झालंय. गेले आठ-नऊ महिने."

कसलं पित्त! गेल्या चैत्रात गावदेवीपुढे बोलून बसले — आरोहीचं लग्न ठरेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. मटण चालतं, कोंबडी चालते. पण नवसात जे सगळ्यात आवडतं तेच सोडायचं असतं. पडवळ सोडून कोणती देवी पावणार? पोरगी एकतीस वर्षांची झाली. हे असते तर चार ठिकाणी हिंडले असते. मला हिंडणं जमत नाही, मी मासळी सोडली. नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून पित्त. फक्त धाकट्या जावेला, सुनंदाला ठाऊक आहे. देवळात ती बरोबर होती.

आरोहीने चिंबोऱ्या मागवल्या. नांग्या दाताने फोडत होती, रस्सा कोपरापर्यंत. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. लग्नाची मुलगी! पण खुशीत होती फार. कंपनीतल्या साहेबांची नक्कल करून दाखवली — मला पापडाचा ठसका लागला.

बुधवार, ७ जानेवारी

शेजारी सुनंदाने बोंबील तळायला घेतले. खिडकी लावून घेतली.

रविवार, ११ जानेवारी

पुन्हा कुंभिवली. आज सुनंदाही. तिघी रिक्षाने गेलो.

आरोही हात धुवायला उठली की सुनंदाची वकिली सुरू. "ताई, जवळा खा. जवळा कुठं मासळी? ते किडं हायत."

"मग खा तू तुझे किडे."

खाल्ले तिने, बोटं चाटून. थोड्या वेळाने पुन्हा कानाशी — "बरं, रस्सा तरी वरपा. मासा त्यातनं नुसता पोहून गेलाय!" मला हसू आवरेना. आरोही आली, विचारते, "काय गं, कशाला हसताय दोघी?" सांगणार काय!

खरं लिहायचं तर वाटी उचलली होती. नाकापर्यंत आणली. ठेवली.

परत येताना आरोहीला विचारलं, लग्नाचं काय ठरवलंयस? म्हणाली, "आवडला कुणी तर करेन गं. नाही तर मी बरी आहे की!" कंपनीच्या लॅबमध्ये आता तिच्या हाताखाली माणसं देणार आहेत. त्याचंच सांगत राहिली घरापर्यंत. मी तोंड फुगवून बसले. तिला बरं आहे, पण इकडे माझी सुरमई देवीकडे गहाण!

मंगळवार, २० जानेवारी

पौष संपला आणि लगेच स्थळ! पेणची माणसं. मुलगा हर्षद, नोकरी बडोद्याला. फोटोत बरा दिसतो. डोक्यावर केस आहेत! त्याची आई फोनवर म्हणाली, घरी पोह्यांचा घाट नको, मधेच कुठे तरी जेवायला भेटू, आम्हाला मासळी आवडते. माझ्या तोंडून कुंभिवलीच निघालं.

देवी जागी झाली बहुतेक.

रविवार, २५ जानेवारी

भेटून आलो. हर्षद सरळ वाटला, उगाच फुशारकी नाही. त्याची आईही गोड बोलते. नवनाथशेठने घोटाळा करायचा बाकी ठेवला होता — "ह्या मावशी आमच्या वरण-भातवाल्या!" मी डोळे वटारले तेव्हा गेला.

त्याची आई म्हणाली, बडोद्यात घर मोठं आहे, सुनेला नोकरीची गरजच पडणार नाही. आरोही म्हणाली, "हो." एवढंच. पापलेट चमच्याने खाल्लं. नक्कल नाही, खिदळणं नाही. किती शहाण्यासारखी वागली माझी पोर!

सोमवार, २६ जानेवारी

आरोही हो म्हणाली!!

मी विचारायच्या आधी, स्वतःहून. "मनापासून ना गं?" म्हटलं. "हो गं आई," म्हणाली आणि स्कुटी पुसत राहिली. पुसलेलीच परत पुसत होती. बुधवारी पेणला कळवायचं.

नवनाथशेठला मनातल्या मनात ऑर्डर देऊन ठेवली. सुरमई. दोन तुकड्या तळून, दोन रश्श्यात. सुनंदाला सांगितलं तर तिचा चेहरा पडला! म्हटलं, हिला काय झालं?

मंगळवार, २७ जानेवारी

सुनंदाने आज तोंड उघडलं. मागच्या दारी भांडी घासता घासता रडायलाच लागली. शनिवारी तिने आरोहीला नवसाचं सांगून टाकलं होतं! "मी म्हटलं, पोरी, तुझी आई तुझ्यापायी मासळी सोडून बसली हाय. तर म्हनाली, एवढंच ना काकी? मग हो म्हणते. आई तिथं वरण-भात चिवडत बसते, मला नाही बघवत."

अस्सा राग आला! सुनंदाचा आला, आरोहीचा आला. आईला मासा मिळावा म्हणून कुणी बडोद्याला नांदायला जातं का? लॅब सोडून? अक्कल कुठे गहाण टाकली होती कार्टीने?

मग माझाही आला. पापलेट चमच्याने खाताना समोरच तर बसले होते मी! शहाणी म्हणत होते तिला. माझी पोर तिथे गुदमरत होती आणि मला सुरमई दिसत होती.

पातेलं सुनंदाच्या हातातून ओढून मीच घासलं. खूप वेळ घासलं.

बुधवार, २८ जानेवारी

सकाळी पेणला फोन केला. मुलगा चांगला आहे, आमचं जमत नाही. मग गावदेवीची ओटी भरली. म्हटलं, बाई, कोप करायचा तर माझ्यावर कर, तिला हात लावू नकोस. दुपारी आरोहीला कंपनीच्या गेटवरूनच उचललं, हॉटेलात नेलं आणि सुरमई मागवली.

"आई, नवस?"

"मोडला," म्हटलं. तोंडात घास होता, नीट बोलताही आलं नाही.