दोन दारांची सोनेरी गाडी

१५ सप्टेंबर, सोमवार. डीमन.
देवपूजा झाली. मग रोजच्यासारखा डच सरकारच्या साइटवर जुन्या गाडीचा नंबर टाकला. विकून तीन वर्षे झाली, पण नंबर टाकला की तपासणी, विमा, सगळे कोणालाही दिसते. ती कुठेतरी चालते आहे एवढे कळले की चहा बरा लागतो.
आज: विमा नाही.
पुन्हा टाकला. नाही.
दिवसभर झुइडासला, ऑफिसच्या अकराव्या मजल्यावर, मीटिंगा. एकाही मीटिंगमधले काही आठवत नाही.

१६ सप्टें.
वैशालीला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, विकलेली म्हैस किती दूध देते हे रोज कोण विचारत बसतं?" सई सोफ्यावरून, फोनमधून मान वर न करता: "बाबा, दॅट्स स्टॉकिंग." लेक सोळा वर्षांची. मराठी सगळे कळते, उत्तर इंग्रजीत.
दोघी हसल्या. मीही हसलो. हसायला नको होते.

१८ सप्टें.
घरात कोणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहितो.
पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर होते एका अमेरिकन मासिकाच्या पानाचे. गुळगुळीत कागद, गावात तो कुठून आला, देव जाणे. त्यावर लांबलचक सोनेरी गाडी, दारे दोनच. वर्षभर नद्यांपेक्षा तीच जास्त पाठ केली. गुरुजी एकदा म्हणाले, "दत्ता, दारं दोनच, मग घरची माणसं बसणार कुठून?" वर्ग हसला. मला उत्तर आले नाही.
सदतिसाव्या वर्षी इथे तसलीच मिळाली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. गियर स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग, आत तांबडी मखमल, मागच्या बाजूला लंबगोल खिडकी. आधीच्या कोणा डच मालकाने डिकीत गॅसची टाकी बसवून घेतलेली. रस्त्यावरचा खड्डा तिला कळायचा, आपल्याला नाही. नऊ वर्षे होती. गुरुजी, पुढची सीट वाकवायची आणि मागे बसायचे. सोपे होते.

२० सप्टें., शनि.
हेंकला फोन केला. गाडी त्यालाच दिली होती. निवृत्त प्लंबर, नायमेखनच्या बाहेर खेड्यात राहतो. उचलला नाही. दुपारी मेसेज आला. जसाच्या तसा मराठीत उतरवतो:
"खुब्याचे ऑपरेशन झाले. गाडी फार खाली आहे, मला आत-बाहेर करता येत नाही. मुलीच्या ओळखीचा एक कॅफेवाला नेतो. मागचा अर्धा भाग कापून सोफा करणार. चार ऑक्टोबरला ट्रेलर घेऊन येईल. तुम्ही बरे असाल. हेंक."
सोफा.
गाडी देताना त्याच्या अंगणात कॉफी पीत मी म्हणालो होतो, कधी द्यायची झाली तर आधी मला सांगा. तो म्हणाला होता, हो हो. कागद केला नाही. अंगणात बसून दिलेल्या शब्दाचा कागद कोण करतो?

२२ सप्टें. घटस्थापना.
घट बसवला. माती बाल्कनीतल्या कुंडीची. दिवा लावला, पण मन...
विकली का, ते स्वतःपुरते तरी खरे लिहावे. ह्या फ्लॅटमध्ये आलो. पार्किंगची एकच चौकट, आणि गाडी तिच्याबाहेर हातभर. शेजाऱ्यांची पत्रे आली, फार गोड भाषेत. ऑफिसात ती किती गॅलन पिते ह्याचे विनोद. वै. दमली होती, घर बदलून आणि माझी बाजू मांडून. एका रविवारी मी म्हणालो, विकतो. सगळ्यांनी निःश्वास टाकला. "दत्ता किती समजूतदार."
हा शब्द लहानपणापासून अंगाला चिकटला आहे. थोरल्याला सायकल मिळाली, मी समजूतदार. इथे प्रमोशन दुसऱ्याला, मी समजूतदार. शब्द चांगला आहे. पण आपल्या हातातले काही काढून घेतल्यावरच लोक तो म्हणतात.
आता पुरे.

२५ सप्टें.
जेवणाच्या सुट्टीत टेबलावर बोलून गेलो. कुलकर्णी पुण्याचा, आमच्याच टीममध्ये. म्हणाला, "दत्ताभाऊ, टेन्शन कसलं? सोफा झाला की बसायला जाऊ. पहिली बिअर माझ्याकडून." सगळे हसले.
मी म्हणालो, "हसू नका."
मी असे कधी बोललो नव्हतो.
नंतर लिफ्टपाशी कुलकर्णी हळूच म्हणाला, "सॉरी हो. माझी पण एक मोटरसायकल होती. मी इकडे असताना भावानं भंगारात दिली. सांगितलंसुद्धा नाही." लिफ्ट आली. दोघे एकत्रच खाली गेलो.

२८ सप्टें., रवि.
अप्पा इथे एकदाच आले. गाडीत मागेच बसले. "सूनबाईला पुढं बसू दे," म्हणाले. वीस किलोमीटरवर समुद्रकाठी उतरलो तर पाय अनवाणी. चपला कुठे? तर बसताना बाहेर काढून ठेवल्या. "मखमल आहे रे. चपलेनं कशी तुडवायची?" त्यांना वाळूतून तसेच फिरवले. खूश होते. परत आलो तर तेव्हाच्या घरापुढच्या पार्किंगमध्ये चपला जोडीने उभ्या. कोणी हात लावला नव्हता.
पुढच्या वर्षी गेले.
त्या मागच्या सीटवर आता लोक बुटांसकट पाय वर घेऊन बसणार. मी कोणाला वाईट म्हणत नाही, त्यांना काय माहीत. पण मला माहीत आहे ना.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा.
रजा घेतली. झेंडूची सुटी फुले दुकानात मिळत नाहीत, रोपे मिळतात. दोन ट्रे आणून सगळी फुले खुडली. सई: "बाबा, यू मर्डर्ड देम." मग शेजारी बसून अर्धा हार तिनेच ओवला. घरच्या पाटीची, लॅपटॉपची पूजा केली आणि निघालो. ट्रेन, मग बस.
हेंकला कळवले नाही. इथे सख्खा भाऊ भावाकडे कॅलेंडर बघून जातो, हे पंधरा वर्षांत शिकलो आहे. पण वाहनाची पूजा काय वेळ ठरवून... गेलो.
त्याच्या घरामागच्या जुन्या गोठ्याचे दार उघडे होते. जनावरे नाहीत, गाडी एकटी. चारी चाके मऊ पडलेली, बॉनेटवर चिमण्यांचे उद्योग. रुमालाने पुसले. कुंकू लावले, हार घातला, चाकांपुढे एकेक लिंबू ठेवले. डोळे मिटून उभा होतो तेवढ्यात हेंकची बायको आली. छातीवर हात. "कोण वारलं?"
इथे गाडीवर फुले म्हणजे तेच.
मागून काठी टेकत हेंक.
"मनेर, आज आपली भेट ठरलेली नाही." मनेर म्हणजे इथला 'साहेब'.
"नाही. आज दसरा आहे."
"लिंबं कशाला?"
"गाडी त्यांच्यावरून जाते. म्हणजे दृष्ट लागत नाही."
"ही कुठेच जात नाही. बॅटरी मेली आहे." तरी तो लिंबांकडे बराच वेळ बघत राहिला.
मी म्हणालो, "तुम्ही मला शब्द दिला होता."
"मी? केव्हा?"
"तिथं, अंगणात. कॉफी पिताना. द्यायची झाली तर आधी मला सांगणार होता."
"मला वाटलं, तुम्ही आपलं सभ्यपणानं बोलताय. तुम्ही फार सभ्य माणूस."
"होतो," मी म्हणालो.
त्याची बायको हसली. तो नाही. म्हणाला, "कॅफेवाल्यालाही मी हो म्हटलंय, आणि ते लिहून दिलंय. तो सोडत असेल तर गाडी तुमची. शनिवारी दहाला येतो. त्याच्याशी बोला." नंबर दिला. कॉफी दिली. एक बिस्कीट. मी दुसरे मागून घेतले.

३ ऑक्टो., शुक्र.
आई म्हणायची, देवापाशी हट्ट करू नये, जे देईल ते घ्यावे. एकोणपन्नास वर्षे तसेच केले. आज सकाळी दिवा लावून स्पष्ट सांगितले, गाडी हवी. बाकी काही नको, पण ही हवी. पाप असेल तर असो.
कॅफेवाल्याशी बोललो. तरुण आवाज, नम्र. ड्रॉइंग झाले आहे, सुताराला सांगून झाले आहे. "मनेर, तुम्हाला दुसरी गाडी मिळेल की."
"तुम्हालाही मिळेल," मी म्हणालो.
मग: "मी उद्या येतो आहे." ठेवला.
वै. सगळे ऐकत होती.
"आणि ठेवणार कुठे? चौकट तीच आहे, अहो."
"बघेन."
"बघेन म्हणजे?"
"म्हणजे ते ठरलं नाही. आणायचं ठरलंय."
"मंडळात काय सांगू? आमच्या ह्यांनी सवत परत आणली?"
"सांग."
तिने माझ्याकडे पाहिले, अनोळखी माणसाकडे पाहतात तसे. रागावली आहे. पण बराच वेळ पाहत होती.

४ ऑक्टो., शनि. सकाळी ९.४०. हेंकचा गोठा.
हे गाडीत बसून लिहितो आहे, वही स्टिअरिंगवर टेकवून. अक्षर वाकडे येते.
पहिल्या ट्रेनने आलो. हेंकने विचारले, तो ऐकला नाही तर काय करणार? म्हणालो, मी बसलेला असताना कापता तर येणार नाही. म्हणाला, तुम्ही वेडे आहात. म्हणालो, असेन.
वै.चा फोन. "जेवायला याल?"
"माहीत नाही."
"मग सकाळी सांगायचं ना. डबा दिला असता." ठेवला. ह्याला हो म्हणायचे की नाही, कळले नाही.
हेंक मघाशी म्हणाला, मी कोणाच्याच बाजूचा नाही. मग आतून लाकडी खुर्ची आणली आणि गोठ्याच्या दारात, बरोबर मधोमध मांडली. ट्रेलर आत यायची वाट तेवढी एकच. खुबा दुखतो म्हणून बसतो आहे, म्हणे. पेपर उघडला आहे. पान उलटत नाही.
९.५५. रस्त्यावर निळी गाडी. वळली.
ट्रेलर मागे घेताना वाजते ते टीं-टीं जवळ येते आहे. हेंक उठलेला नाही. मीही उठणार नाही.