दह्यातला चुना

बुकित पंजांग, सिंगापूर
२७ ऑगस्ट २००६

प्रिय आक्कास,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम.

आम्ही सारे खुशाल आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? इथे आमच्या इमारतीजवळून एक छोटी गाडी जाते, एलआरटी म्हणतात तिला. घरं जवळ आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात, कुणाच्या घरात नजर जाऊ नये म्हणून. ही मर्यादा मला कवितेसारखी वाटते. पण आक्का, तूही हल्ली माझ्या बाजूची काच धूसर करून बसली आहेस.

दर रविवारी फोन करतो. तुझा नरेश उचलतो आणि म्हणतो, आई अंघोळीला गेली. या वयात इतक्या अंघोळी सोसत नाहीत गं. गेल्या रविवारी मामाच्या आवाजात दम दिला तेव्हा कुठे तो बोलला. तू पान सोडलंस म्हणे, चुन्याची डबी परसात पुरलीस, आणि ‘मीच माझ्या भावाच्या खांद्यात चुना भरला’ म्हणून डोळ्यांना पदर लावतेस.

चूक कुणाचीच नाही. आमच्या सूनबाईला, हर्षाला, फोनवर कॅल्शियमला सोपा मराठी शब्द सापडला नाही, म्हणून ती तुला म्हणाली, ‘बाबांच्या खांद्यात चुना साठलाय.’ आणि तुला आठवलं ते दही. तुझी भावजय गेल्यावर मी तुझ्याकडे राहिलो, तेव्हा हाडं टिकावीत म्हणून तू रोज सकाळी दह्यात गव्हाच्या दाण्याएवढा चुना कालवून द्यायचीस.

दुखणं मी तुला कळवलं नव्हतं, आता सांगतो. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. रात्री कुशीवर वळता येईना. हर्षा प्रयोगशाळेत जायच्या आधी माझ्या शर्टाची बाही चढवून द्यायची, केस विंचरून द्यायची. माझा प्रफुल्ल म्हणायचा, मी करतो, तर ती म्हणे, तुला भांग पाडता येत नाही. मी मान खाली घालून बसायचो. तुझ्यानंतर माझा भांग कुणी पाडला नव्हता.

एक्स-रेत खांद्याच्या हाडावर कापसाच्या बोंडासारखा पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी विचारलं, कॅल्शियमच्या गोळ्या वगैरे काही घेता? मी म्हणालो, नो. तुझा चमचा डोळ्यांसमोर होता, पण तुझं नाव सिंगापूरच्या कागदावर कशाला? हर्षाला मात्र खोटं चालत नाही. तिने दही, चुना, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जे म्हणाले ते हर्षाने मला मराठीत सांगितलं: ‘तुम्ही जे खाल्लं ते खांद्यात जाऊन बसत नाही, अंकल. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, तिच्यातच हे साठतं. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही. बहिणीला सांगा, तिच्यामुळे नाही.’

हे शेवटचं वाक्य परत वाच.

मग मशीनवर बघत त्यांनी खांद्यात सुई घातली, पाण्याने तो साठा धुऊन काढला. नळीत जे आलं ते हुबेहूब तुझ्या डबीतल्या ओल्या चुन्यासारखं होतं. मी म्हणालो, जन्मभर लोकांनी मला चुना लावायला पाहिलं, शेवटी लावला माझ्याच खांद्याने. हर्षा इतकी हसली की नर्सने वळून पाहिलं.

आता भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम आहे. मी तो कवितेच्या चालीवर करतो. आठवतं? मला सांभाळायला तुझं चौथीतून नाव काढलं. मला कडेवर घेऊन तू शाळेच्या खिडकीखाली उभी राहायचीस, आतली कविता ऐकायचीस, आणि न ऐकू आलेल्या ओळी स्वतःच्या घालून मला म्हणून दाखवायचीस. ‘वर हात केला की ढग खाली वाकतो’ ही तुझी. पुढे शाळेत मी तीच म्हटली आणि गुरुजींची छडी खाल्ली. पुस्तकातली ओळ आज आठवत नाही. मास्तर झाल्यावर माझ्या वर्गाला मी तुझीच शिकवली.

काल भिंतीशी उभा होतो. शेजारी नात, भावना, ‘वन मोअर आजोबा, कॅन लाह,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘जमेल की’, म्हणत होती. ओळ संपली आणि पाहतो तर हात डोक्याच्या वर.

अशोक विजयादशमीला मी तिकडे येतोय. दीक्षेला पन्नास वर्षं होतात. तेव्हाही आपण शेजारी उभे होतो. दीक्षाभूमीवर दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन वंदन करायचं आहे, शेजारी तू हवीस. सकाळचं दहीही तुझ्याच हातचं हवं. चुना तेवढा वगळ, पोटाला बरा नाही म्हणतात.

रविवारी फोन करीन. अंघोळ आधी उरकून घे.

तुझ्या कडेवरचा,
दादू