दोर कुणाच्या हातात

प्रिय बखीत,

'प्रिय' लिहिलंय ते तुझ्या आईकडे बघून. ती माझी बहीण नसती तर शिवीनंच सुरुवात केली असती. दहा दिवस झाले, कुफ्तला, गावच्या घरात दडून बसलायस. तीन निरोप धाडले, एकालाही उत्तर नाही. तोंडाला कुलूप लागलंय का तुझ्या?

खोदकामावर थडग्याच्या विहिरीत, खाली कबरीकडे जाणाऱ्या त्या उभ्या खड्ड्यात, तुला पहिल्यांदा दोरानं उतरवलं तो दिवस आठव. भिंतीतला मऊ दगड, आपला तफ्ल, त्याचा खडा मी तुझ्या चहात टाकला. "मामा, माझा चहा!" म्हणून केवढा ओरडलास! बघता बघता खडा फुगला, फुटला, चिखल होऊन तळाला बसला. मी म्हटलं, हा कोरडा आहे तोवर तीन हजार वर्षं उभा राहील. पाणी पाजलंस की अंगावर येईल. शाळा मी पाहिली नाही, सापडलेल्या वस्तूंच्या टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत अक्षरं शिकलो. पण एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तुलाही होतं.

तरी पाहुणे फोटो काढायला येणार म्हणून, मी यायच्या आधी, तू धूळ बसवायला विहिरीत चार बादल्या पाणी ओतलंस! मुकादमकी तुला ह्यासाठी दिली होती? धुळीची लाज वाटली तुला? धुळीवरच तर आपली चूल पेटते, गाढवा! दुपारी भिंत सुटली, खाली आपला खोदणारा गडी शाजली होता. कमरेपर्यंत गाडला गेला. आम्ही त्याला नुसत्या हातांनी उकरून काढलं. तू दोर धरून पुतळ्यासारखा उभा, आणि मग दोर टाकून पसार. भिंतीपेक्षा त्या टाकलेल्या दोराचा मला जास्त राग आहे.

शाजलीचा पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे. काल म्हणाला, "भाच्याला सांगा, दुसरा पाय अजून शिल्लक आहे, कधी येतोस?" बाकीचे गडी मात्र हसत नाहीत. बखीत वर असेल तर आम्ही खाली उतरणार नाही, म्हणतात.

भिंतीला फळ्या ठोकल्यात, टेकू दिलेत. शनिवारी सकाळी पहिला मी उतरणार. गुडघे कुरकुरतात, विहीर पंधरा हात खोल आहे. दोर कुणी धरायचा ते उतरणाऱ्यानं सांगायचं, ही आपल्या लोकांची रीत. मला विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतलं. तू येईपर्यंत मी काठावर बसून राहीन, दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देणार नाही. येताना आईच्या हातच्या, उन्हात फुगवलेल्या शम्सी भाकरी आण.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच,
दियाबमामा