टॅनर लेनच्या उकिरड्याची जागा

आणि बाटल्या धुतल्या हा काही गुन्हा नव्हे, टॅम. मळकी बाटली खिडकीत कोण ठेवतं? पण विद्यापीठातल्या तुझ्या त्या पिनकबाईंनी मी नेलेली बाटली उचलून सगळ्या वर्गादेखत विचारलं, "ही कुठल्या थरातली?" मी म्हणालो, "निळी आहे." तू हसलीस. बहीण असून हसलीस. ते हसणं मी इथवर, शेटलंडच्या समुद्रापर्यंत घेऊन आलोय.

तर मी, जॉस ऑर्मरॉड, वय चोवीस, मूळचा बर्नलीचा, हल्ली मत्स्यशेतीच्या जाळ्याच्या पिंजऱ्यांतून मेलेले सॅमन मासे वेचणारा पाणबुड्या, डोकं ठिकाणावर असताना, थेंबभर न पिता आणि कुणी न सांगता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हिवाळ्यात इथल्या पाण्याचा भरवसा नाही.

एक. मोटरसायकल चुलतभाऊ नेडला. न विचारता नेलीच आहे त्यानं, आता कागदही घ्यावा.

दोन. आईच्या शेडमधलं फावडं, चाळणी आणि लांब सळई वॉल्टर एंटविसलची. शाळेनं सोडलेल्या मला त्यानं धरलं, जुन्या बाटल्यांसाठी जुने उकिरडे खणायला शिकवलं. खणणाऱ्यांची रीत अशी, की जागा दाखवणारा जिवंत आहे तोवर ती कुणाला सांगायची नाही. "आईलासुद्धा नाही रे," म्हणायचा. तू दोन वर्षं विचारलंस, मी दोन वर्षं "विसरलो" म्हटलं. विसरलो नव्हतो. गेल्या महिन्यात वॉल्टर गेला. हत्यारं त्याच्या मुलीला पोचवावीत.

तीन. जागा तुझी. टॅनर लेनच्या टोकाला, पडक्या गिरणीच्या भिंतीपासून ओढ्याकडे चाळीस पावलं, एल्डरच्या झुडपाखाली. वर वीतभर माती, मग राख, गुडघाभर खोलीवर शिंपले, त्याखाली काळा चिखल. पोरांना झोपवायच्या औषधाच्या निळ्या बाटल्या सगळ्या राखेखाली, शिंपल्यांच्या वर. त्याहून खाली एकही नव्हती. माझ्या हातांना आठवतं. पाण्याखाली तर जास्तच. डोक्यावर मासे गोल गोल फिरत असतात, आवाज नसतो, आणि मला दिसते व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक गिरणीतली बाई. भोंगा व्हायच्या आत ती पोराच्या ओठांवर दोन थेंब सोडते, रिकामी बाटली राखेत टाकते, आणि मागे न बघता निघते.

तू म्हणतेस, नकाशे, जन्ममृत्यूच्या नोंदी, औषधांच्या जाहिराती, सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचावं लागतं, एकट्या कागदातून त्या गिरणीतल्या बायका बोलत नाहीत. मग माझं हे थरांचं टिपण त्या कागदांशेजारी ठेव. तुझा प्रबंध या जागेवाचून अडलाय, आणि मी बुडालो तर जागाही बुडेल.

चार. खिडकीतल्या बाटल्या आईला. रंगानं लावल्यात तशाच राहू देत. घरी माझ्या पलंगाखाली मोज्यात गुंडाळलेली एक मात्र तुझी. तिचं बूच निघालंच नाही, म्हणून धुतली गेली नाही. कानाशी हलवली तर आत बोटभर काहीतरी अजून हिंदकळतं.

साक्षीदार मॅग्नस इसबिस्टर, नावाडी, आणि इंगा हॉलक्रो, स्वयंपाकीण. दोघांसमोर सही केली, दोघांना यातलं काही मिळत नाही. इंगा म्हणाली, "एक बाटलीसुद्धा नाही होय रे, कंजुषा?"

जॉस ऑर्मरॉड
लर्विक, शेटलंड, ९ नोव्हेंबर २०१९

टॅम, न धुतलेली एक जरी मिळाली तरी आतलं औषध रसायनशाळेत तपासून घेता येईल, पण पैसे कुठून आणू, म्हणाली होतीस. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नको. आजच पाठवतोय, दोनशे पंच्याऐंशी पौंड.