वेशीच्या भिंतीवरच्या बैलांना कानातले बिल्ले मागितल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे कुसळसांगवी,
जि. धाराशिव

विषय : पोळ्याच्या दिवशी वेशीच्या भिंतीवर मातीच्या बैलांचे चलच्चित्र दाखवण्यास केलेली मनाई उठवणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १३/०८/२०२५ (अर्जदाराच्या दाराला डिंकाने चिकटवलेली).

महोदय,

अर्जदार हर्षाली लिंबाजी लोमटे, पुण्याला ॲनिमेशन शिकून गावी परत आलेली, वरील नोटिशीला उत्तर देते. नोटीस वाचून तिला आधी हसू आले, मग राग आला, आणि राग अजून उतरलेला नाही, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे.

१. गावात ट्रॅक्टर आले, बैल गेले. पोळ्याला बहुतेक घरे मातीचे बैल पुजतात आणि वेशीत जाऊन दुसऱ्याच्या बैलाकडे बघत उभी राहतात. म्हणून अर्जदाराने घरोघरचे मातीचे बैल गोळा केले. ज्याचा बैल त्यानेच तो कणभर पुढे सरकवायचा, अर्जदाराने फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे फोटो भराभर दाखवले की बैल चालू लागतो. शरणबसप्पांचा हात थरथरतो, त्यामुळे त्यांचा बैल डुलत चालतो. तो पाहून ते म्हणाले, "माझाच हाय, लगीच कळतंय." वेशीजवळ कॅमेरा लावला आहे. आपला मातीचा बैल हातात धरून कोणीही भिंतीपुढून चालू लागले की झुलीच्या रंगावरून कॅमेरा तो ओळखतो, आणि तोच बैल भिंतीवर खऱ्याएवढा होऊन त्या माणसाच्या शेजारून वेशीपर्यंत जातो. माणूस थांबला की बैलही थांबतो. जो आधी आला तो आधी चालला, एवढाच तिथला नियम आहे.

२. आपण नोटिशीत प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, लंपीच्या लसीचा दाखला आणि शेणाच्या विल्हेवाटीची हमी मागितली आहे. जनावरांच्या मिरवणुकीचा छापील नमुना कपाटात होता, तोच आपण काढलेला दिसतो. तरीही अर्जदार कायद्याचा मान राखून सांगते की, बैलांना कान आहेत, पण ते चिमटीत मावतात; बिल्ला अडकवला तर कान तुटेल. लस टोचली तर बैल फुटेल. शेण आजवर एकाही बैलाने टाकलेले नाही. कोणी टाकलेच तर अर्जदार ते स्वतः उचलेल, पण आधी त्याचा फोटो काढेल.

३. परंतु हे दुखणे हेल्याला आणि डाग पखालीला असे चालले आहे. खरे कारण नोटिशीच्या तळाशी पेनाने लिहिले आहे : "मानाचा बैल प्रथम." आपण गावात नवीन आहात, म्हणून सांगणे भाग आहे. चाचणीच्या दिवशी भिंतीपुढे सर्वांत आधी नीलम्मा आल्या. त्यांचा बैल लंपीने गेला. त्याचे डावे शिंग मोडके होते, तसेच त्यांनी मातीच्या बैलाचे केले आहे. येण्याआधी त्यांनी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळले होते. भिंतीवर तो उभा राहिल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "चल राजा, म्होरं चल." आणि तो वेशीत सगळ्यांच्या आधी गेला. मानकरी श्री. कृष्णराज पाटील तिथून उठून गेले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या दाराला डिंक लागला.

पहिला मान पाटलांच्या घराकडे आहे, हे कोणी नाकारत नाही. पण पाटलांच्या गोठ्यात आता मोटारसायकली असतात. मानाचा बैल दर पोळ्याला बेंबळीकडून भाड्याने येतो, टेम्पोतून उतरतो, तोरण तोडतो आणि दिवेलागणीच्या आत परत जातो. गावाला हे ठाऊक आहे. मानाचा प्रश्न म्हणून सगळे गप्प बसतात. अर्जदाराने त्यांच्याकडेही मातीचा बैल मागितला होता. ते म्हणाले, "मानाचा बैल मातीचा नसतो." म्हणजे भिंतीवर जो बैलच नाही त्याने पुढे जावे आणि जे आहेत त्यांनी त्याची वाट बघत थांबावे, असा आपला आदेश आहे.

४. हे करणे अवघड नाही. संगणकात थोडा फेरफार केला की मानकऱ्यांनी हात वर केल्याशिवाय बाकी एकही बैल पाय उचलणार नाही. अर्जदाराला ते येते. ती ते करणार नाही.

काल नीलम्मा स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझा मागं ठिव. कशाला उगं भांडण." ज्या बाईने महिनाभर रोज येऊन आपला बैल तसू तसू पुढे सरकवला, तिनेच तो मागे घ्यायला तयार व्हावे, याचाच अर्जदाराला सर्वांत जास्त राग आहे. आपण नोटीस अर्जदाराला दिलीत, पण ती लागली नीलम्मांना.

५. सबब विनंती की, गुरुवारपर्यंत मनाई उठवावी. न उठवल्यास काय होईल, ते आपल्याला अंधारात ठेवायचे नाही म्हणून कळवते. वेशीची भिंत ग्रामपंचायतीची आहे, हे मान्य. घरांच्या भिंती ज्याच्या त्याच्या आहेत. बायकांनी त्या चुन्याने रंगवायला घेतल्या आहेत. प्रोजेक्टर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून गल्लोगल्ली फिरेल, ज्याचा बैल त्याच्या भिंतीवर येईल, आणि घरचे लोक दारातच त्याला ओवाळतील. पहिली भिंत नीलम्मांची ठरली आहे. हलगीवाल्यांचाही मातीचा बैल आहे, तेव्हा तेही ट्रॉलीबरोबर असतील.

वेशीत शुक्रवारी आपल्या अटीप्रमाणे मानाचा बैलच पहिला जाईल. त्याच्या मागे कोणी नसेल.

नम्रता आहे, माघार नाही.

अर्जदार,
हर्षाली लिंबाजी लोमटे
मौजे कुसळसांगवी, जि. धाराशिव
दि. १८/०८/२०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. बैलांचे फोटो, कान स्पष्ट दिसतील असे.

प्रत माहितीसाठी : मानकरी श्री. कृष्णराज पाटील (घरी नेऊन हातात दिली).